बंद पाकिटातली साठ क्रेडिट्स

आमच्या घरात कागद आला की त्याचं लॅमिनेशन होतं. दहावीची गुणपत्रकं, लग्नाचा दाखला, लेकीचं पोहण्यातल्या तिसऱ्या नंबराचं प्रमाणपत्र, सगळं प्लास्टिकमध्ये. हा नवऱ्याचा खाक्या. तरीही कॉलेजने दिलेलं गुणपत्रकाचं बंद पाकीट मी जेवणाच्या टेबलावर ठेवून कामावर गेले.

इथे आखातात, मनखूलमधल्या एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर दिवसभर बसून मी दोन वर्षं संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात शिकले होते. पुण्यातलं बी.कॉम. लग्नापायी अर्धवट सुटलं, त्याला वीस वर्षं झाली. आता अल ऐनच्या एका विद्यापीठात, शनिवार-रविवारच्या वर्गांना, चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. पास केलेल्या विषयांची माझी साठ क्रेडिट्स तिथे वर्ग झाली तर थेट तिसरं वर्ष. नाही झाली तर पहिल्यापासून. यंदा बारावी झालेल्या लेकीच्या वयाच्या मुलांबरोबर चार वर्षं काढायची माझ्यात ताकद नव्हती. पहिलं वर्ष म्हणाले असते तर मी सोडूनच देणार होते. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी परतले तर नवरा हसतमुखाने दारात उभा.

"बघ, ट्रान्सक्रिप्ट कसं चकाचक करून आणलंय! त्या पाकिटात चुरगळलं असतं."

पाकिटाच्या तोंडावर कॉलेजचा शिक्का होता. ते विद्यापीठातच उघडायचं, अशी अट होती. मी तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "मला वाटलं, तू एवढ्या कष्टाने मिळवलंयस, तर जपून ठेवावं." रागाच्या भरात मला तेही खुपलं.

तरी दुसऱ्या दिवशी अल ऐन गाठलं. काउंटरवरच्या, काळ्या पायघोळ अबायातल्या बाईंनी तो कागद उलटसुलट केला आणि इंग्रजीत विचारलं, "इंडियन?" मी मान हलवली. त्या हसल्या. "तुम्हा लोकांचं प्लास्टिकवर फार प्रेम. पण हबीबती, मी शिक्का कुठे मारू? नवीन बंद पाकीट आण. गुरुवारपर्यंत. नंतर खलास."

कॉलेजला फोन केला, तर नव्या प्रतीला दहा दिवस लागतील म्हणे. मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात पदवीचा नाद सोडून दिला.

नवऱ्याने सोडला नाही. मला न सांगता त्याने रजा टाकली आणि सकाळपासून कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बसला. तिथल्या पाकिस्तानी क्लार्कला म्हणाला, "भाईसाब, गलती मेरी है, सज़ा बीवी को मत दो." क्लार्कने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा चहा मागवला. बुधवारी दुपारी पाकीट हातात आलं, तेव्हा मी दोन दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी नीट बोलले.

गुरुवारी नवरा मला गाडीने अल ऐनला घेऊन गेला. त्याच बाईंनी पाकीट स्वतः फोडलं. विषयांचे तपशील मी आधीच पाठवले होते. त्या एकेका ओळीवर बोट ठेवून स्क्रीनवर पडताळत गेल्या. अकाउंट्सशी थांबल्या. मग पुढे सरकल्या.

"सत्तावन्न," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरचा एक विषय पुन्हा करावा लागेल. तिसरं वर्ष. मबरूक, अभिनंदन!"

आनंद असा झाला की आभार मानायचे राहिलेच. परत आत जाऊन मानून आले.

परतताना गाडीतून लेकीला फोन लावला. तिचं कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं. तिने मनाशी हिशेब केला.

"वेट, आई. सो यू विल ग्रॅज्युएट बिफोर मी?"

"हो," मी म्हटलं. "तुझ्या दोन वर्षं आधी."

एवढं मोठ्याने बोलले आणि मला रडू फुटलं. नवऱ्याने गाडी कडेला घेतली. बायको घरात पहिली पदवीधर होणार, हे तो बारावी पास माणूस लेकीला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.