दोन वर्षांची सही

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दोन वर्षांपूर्वी जवळजवळ दोन महिने रिकामी होती. घरात सगळ्यांना त्याचा घोर. ती भरूच नये असं मला वाटायचं, पण हे बोलायची सोय नव्हती.

पुण्याजवळ चांदे गावात आम्ही खालच्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. वरचे मजले भाड्याने दिलेले, आणि राहणारे बहुतेक हिंजवडीत नोकरी करणारे. मीही तिथेच जाते, अकरा वर्षं झाली. परदेशातल्या एका गिऱ्हाईक कंपनीच्या संगणकांत कुणी घुसायला बघतंय का, यावर आमची टीम नजर ठेवते. स्क्रीनवर सूचना येत राहतात. कुणीतरी लागोपाठ चुकीचा पासवर्ड टाकतंय, कुणाचं मशीन अनोळखी ठिकाणाशी बोलतंय. बहुतेक वेळा काहीच नसतं. पण काहीच नाही हे नीट बघावं लागतं, लिहावं लागतं आणि मग पुढची सूचना उघडावी लागते.

माझ्याकडून काम शिकलेले तिघंजण माझ्या पुढे निघून गेले. तिघांकडेही सुरक्षा क्षेत्रातलं एक मोठं सर्टिफिकेट होतं. त्याचं नाव लिहीत नाही. आमच्या धंद्यातल्यांना ते सांगायला नको, आणि इतरांना नाव वाचून काही कळायचं नाही. मी दुसऱ्या कंपन्यांत अर्ज केले की ते पहिल्याच चाळणीत अडकायचे. फोनवरची मुलगी गोड आवाजात विचारायची, "सर्टिफाइड आहात का?" मी अनुभव सांगायला लागले की ती मध्येच "ओके मॅम" म्हणायची.

म्हणून त्या रिकाम्या खोलीत मी एक प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. घरून काम करायचे दोन दिवस आणि रविवार, असं मी तिथे बसायचे. खिडकीच्या कट्ट्यावर विटेएवढं जाड पुस्तक. आत आठ भाग, एकेका भागात वीस-वीस विषय. रविवारी ऑनलाइन शिकवणी असायची. आमचे सर सराव प्रश्न टाकायचे आणि मी झटकन उत्तर द्यायचे, कारण हे सगळं माझ्या रोजच्या हातचं. आणि उत्तर चुकायचं.

एका प्रश्नात कर्मचारी कंपनीच्या फायली बाहेर पाठवतोय असा संशय होता. पहिलं काय कराल? मी म्हटलं, त्याचं खातं बंद करेन. इतकी वर्षं तेच केलं होतं. बरोबर उत्तर होतं, आधी धोरणात काय लिहिलंय ते बघा आणि ज्यांचा अधिकार आहे त्यांना कळवा.

सर म्हणाले, "तुम्ही अजून हातांनी विचार करताय. निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत बसा आणि मग उत्तर द्या."

मी ते वहीत लिहून घेतलं. भाजी कुठली करायची हे सोडून शेवटचा निर्णय मी कधी घेतला होता, ते आठवेना.

एका दुपारी मी तिथे बसलेली असताना एजंट एका मुलाला खोली दाखवायला घेऊन आला. मी उठले, पंखा चालवून दाखवला, नळाला पाणी किती वेळ असतं ते सांगितलं. मुलगा पंचविशीतला असेल. बाथरूम बघून बाहेर येताना त्याची नजर कट्ट्यावरच्या पुस्तकावर गेली.

"अरे, ये तो मैंने पिछले साल क्लियर किया," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "घर में कोई तैयारी कर रहा है क्या, आंटी?"

मी म्हटलं, "हां."

त्याला खोली आवडली. शनिवारी तो सामान घेऊन आला. माझी खुर्ची मी आदल्या दिवशीच गच्चीवर नेली होती, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. सावली सरकेल तशी मीही सरकायचे.

याच सुमाराला आमच्या मॅनेजरने मला बोलावलं. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, कोथरूडचा, बोलायला अगदी साधा माणूस. म्हणाला, "गिऱ्हाइकाने नवी अट घातलीय. टीममधले सगळे सर्टिफाइड हवेत. कंपनी तुमची फी भरेल, रजा देईल. फक्त एक बाँड आहे, नेहमीचाच. एचआर मेल करेल, सही करून पाठवा."

मला इतका आनंद झाला की घरी येताना वाटेत नांदे गावाच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकले तरी चिडचिड झाली नाही. मेल आला होता. घरी पोचल्यावर मी मुलीला त्याचा प्रिंट काढायला सांगितला आणि ओट्यापाशी उभी राहून पेन शोधायला लागले.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण कागद दिसला की त्यांचे हात थांबतात.

"कसला कागूद हाय?"

"ऑफिसचा, आई. परीक्षेची फी कंपनी भरणार आहे, त्याचा."

"वाचलास का?"

"नेहमीचाच असतो तो."

"वाचलास का, इचारतेय."

त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली आणि म्हणाल्या, "बस हितं. मोठ्यानं वाच. मराठीत सांग मला."

मी हसत खाली बसले आणि वाचायला लागले. पहिल्या पानापर्यंत हसूच होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की निकाल लागल्यापासून दोन वर्षं कंपनी सोडता येणार नाही. पुढे, या दोन वर्षांत कंपनी सांगेल त्या पाळीत आणि सांगेल त्या कामावर जावं लागेल. त्याच्याही पुढे, नापास झालात तरी हे सगळं लागू, आणि तेव्हा दोन वर्षं परीक्षेच्या तारखेपासून धरायची.

"नापास झालीस तरी?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग त्यानला काय, तू पास हो न्हाई तर नको हूस. तू हितंच."

मला तर ते सर्टिफिकेट इथून बाहेर पडण्यासाठी हवं होतं.

मग त्यांनी मला आमच्या रस्त्याकडेच्या जमिनीच्या तुकड्याचं सांगितलं. जमीन विकली हे मला माहीत होतं, कशी विकली ते नव्हतं. सासरे वारल्यावर घेणारा माणूस त्यांना गाडीतून पौडाला, दस्ताच्या कचेरीत घेऊन गेला होता. चहा पाजला, सगळ्यांनी ताई-ताई केलं. त्यांना वाटलं होतं, तुकडा जातोय, मागच्या रानात जायची वाट आपलीच राहील. दस्तात वाटही गेली. आज आमच्याच भाताच्या खाचरात जायचं तर तिथे उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या भिंतीला लांबून वळसा घालावा लागतो.

"आंगठा दिला तवा कुनी वाचून दावलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या इचारलं बी न्हाई. लाज वाटली. एवढी शिकल्याली मान्सं बसल्याली." आणि परत परात पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, नापासाचं ते कलम काढा, आणि पाळीचं तेवढं बदला.

"हे स्टँडर्ड टेम्प्लेट आहे हो. एकटीसाठी बदलत नाहीत. बाकी सगळ्यांनी केली सही."

"त्यांनी वाचलंय का?"

तो हसला. वाईट हसला नाही. "तुम्ही विचार करा," म्हणाला.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याचा जेसीबी आहे, बांधकामाच्या साइटवर चालतो. हातपाय धुऊन तो टॉवेलने मान पुसत ऐकत होता.

"तुला तिथनं निघायचंय का?" त्याने विचारलं.

"हो."

"मग जायचं कुठं? मगरपट्ट्याला? दोन तास जायला, दोन यायला. पोरीचं कोण, आई बघणार?"

"मी अजून कुठे जाते म्हटलंय?"

"तेच म्हणतोय मी. जायचंच न्हाई तर सहीला काय होतंय?"

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. दार उघडं असलं तरी मी त्यातून जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण ते बंद करून वर मीच कडी घालायची, हे काही मला जमेना.

मी सही केली नाही. स्वतःची फी भरून परीक्षेला बसायचं ठरवलं. त्यानंतर दोन आठवड्यांत मला टीममधून काढून पासवर्ड डेस्कवर टाकलं. तिथे जगभरातून लोक फोन करतात आणि सांगतात की पासवर्ड विसरलो. आपण ओळख पटवायची, नवा पासवर्ड द्यायचा, आणि "इज देअर एनिथिंग एल्स" म्हणायचं. एक माणूस दर सोमवारी विसरायचा. त्याच्या मांजराचं नाव मला अजून पाठ आहे, कारण ते त्याच्या सुरक्षा-प्रश्नाचं उत्तर होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नवऱ्यानेच मला गाडीने पुण्यात सोडलं. केंद्रावर घड्याळ, पर्स, रुमाल, सगळं लॉकरमध्ये. एका मुलीने माझा चष्मा काढून उलटसुलट तपासला, बाह्या वर करायला लावल्या, कानांमागचे केस बाजूला करून बघितलं. मंगळसूत्र तिने बोटांनी चाचपलं आणि ओशाळून "सॉरी हां, मॅडम" म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

त्या परीक्षेत मागे जाता येत नाही. एकदा उत्तर दिलं की प्रश्न गेला. आणि आपलं उत्तर बरोबर येतंय की चूक, त्याप्रमाणे मशीन पुढचा प्रश्न निवडतं. पास की नापास याची खात्री पटली की मशीन परीक्षा मध्येच कधीही थांबवू शकतं. प्रश्न सोपा वाटला की भीती वाटायची, मशीनने मला खालच्या पायरीवर उतरवलं की काय. अवघड वाटला तरी भीती. मला सगळी उत्तरं हातांनी द्यावीशी वाटत होती. खातं बंद कर, केबल काढ, मशीन वेगळं कर. मी स्वतःला थांबवून निर्णय घेणाऱ्या कुणाचा तरी विचार करायचे, आणि दर वेळी डोळ्यांसमोर यायचा तो आमचा मॅनेजर.

वेळ संपली तेव्हा मी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचलेही नव्हते. काउंटरवर घडी घातलेला कागद दिला. मी तो जिन्यात उघडला. नापास.

नवरा खाली गाडीला टेकून उभा होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याने गाडीचं दार उघडलं. चांदणी चौक ओलांडला. मग तो म्हणाला, "मी पण ड्रायव्हिंगला दोनदा नापास झालेलो. तुला कधी बोललो न्हाई." मला एकदम हसू आलं आणि मागोमाग रडू आलं.

त्यानंतरचे महिने मला नीट सांगता येणार नाहीत, कारण ते एकसारखेच होते. फोन, पासवर्ड, ट्रॅफिक, स्वयंपाक, गच्ची. पुस्तक उघडायचे पण अक्षरावरून नजर घसरायची. दुसऱ्यांदा घरातून फी मागायला जीभ रेटत नव्हती. मग पासवर्ड डेस्कवर बातमी आली की हे काम आता बॉट करणार, माणसं कमी होणार. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले. "तो बाँड अजून आहे का?" विचारलं.

आहे म्हणाला. तोच. एक शब्दही बदललेला नव्हता, मी तपासलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, नापासाचं कलम दोनदा वाचलं, आणि सही केली.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाचून केलीस न्हवं?"

"हो."

"बरं." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्यांदा मी पास झाले. या वेळी मशीनने मध्येच परीक्षा थांबवली आणि मला वाटलं, संपलं सगळं. कागदावर अभिनंदन होतं. पास होण्यासाठी काय वेगळं केलं, असं आता ऑफिसमधली नवी मुलं विचारतात. मी सांगते, दोन-तीन युक्त्या सांगते. खरं तर पहिल्या वेळी मी प्रत्येक प्रश्नाशी भांडत होते. दुसऱ्या वेळी भांडायला अंगात काही उरलं नव्हतं. विचारतील ते धोरणात बघायचं, ज्याचा अधिकार त्याला कळवायचं, पुढे जायचं. ही शहाणीव आहे की दमणूक, ते मला ठरवता आलेलं नाही.

मी परत जुन्या टीममध्ये आहे. पद वाढलं, पगारही थोडा वाढला. पाळी मात्र कंपनी सांगेल ती, आणि कंपनीने दुपारची सांगितली. मुलगी शाळेतून येते तेव्हा मी निघालेली असते. सर्टिफिकेट टिकवायचं तर दर वर्षी अमुक तास शिकल्याचा पुरावा द्यावा लागतो, तो मी देते. शिकणं कधी संपणार नाही, हे परीक्षेच्या आधी मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात होतं म्हणा. मीच ते पान वरवर वाचलं होतं.

मागच्या महिन्यात एका कंपनीतून फोन आला. या वेळी फोनवरच्या मुलीने मध्येच तोडलं नाही. माझा अनुभव तिने अथपासून इतिपर्यंत ऐकला, आनंदाने "परफेक्ट" म्हणाली, आणि विचारलं, "जॉइन कधी करू शकाल?"

मी मनात महिने मोजले. "चौदा महिन्यांनी," म्हटलं.

"ओके मॅम, आम्ही नोंद करून ठेवतो," म्हणाली. पलीकडे की-बोर्डचा आवाज आला नाही. माझी मीटिंग सुरू झाली होती, दोनदा माझं नाव घेतलं गेलं होतं. मी फोन पालथा ठेवला आणि माइक चालू केला.