लोखंडताईंची सही

अंतराळयान जोडण्याच्या कार्यशाळेत त्यांना सगळे लोखंडताई म्हणत, कारण लोखंडाशी त्यांचं उभं वैर होतं. एका पोलादी स्क्रूने पूर्वी त्यांचं महिन्याचं काम मातीत घातलं होतं. तेव्हापासून यानावर बसवायच्या चुंबकमापकाच्या खोलीत शिरणाऱ्याची त्या दारातच झडती घेत. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, केसांतल्या पिना, सगळं बाहेर. घरी सासूबाई म्हणत, सूनबाई माझ्या पिनांकडेही वाकड्या नजरेने बघते.

खुद्द मोहिमेचे प्रमुख, साहेब, तीनदा आले. त्यांच्या गुडघ्यात ऑपरेशनचा पोलादी खिळा होता.

"गुडघा काढून ठेवू का?" तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं.

"तेवढं नको. बाहेरच थांबा," ताई म्हणाल्या.

साहेब तोंड पाडून परत गेले. यानाचं स्वतःचं चुंबकत्व मोजमापात लुडबुड करणार नाही, अशा हमीच्या कागदावर ताईंनी सही केली आणि यान उडालं.

सहा वर्षांनी ते गुरूच्या मागे फार दूर पोचलं. सूर्याकडून सुटलेला कणांचा वारा गुरूचं चुंबकी क्षेत्र मागे ओढत नेतो आणि त्याचं लांबच लांब शेपूट होतं. पण ते इतक्या दूरवर असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. नेमका तिथेच पाच तास मापकाचा आकडा चढलेला दिसला.

"हे आपल्याच यानातलं लोखंड असणार," साहेब बैठकीत म्हणाले. "पाच तास वगळून टाकू."

सही ताईंनी डोळे मिटून केलेली नव्हती.

"आपल्या यानात लोखंड नाही," त्या म्हणाल्या. "शेपटात शिरलं की सूर्याचा वारा लागत नाही. वारा मोजणाऱ्यांचा कागद मागवा. वारा चालू निघाला, तर माझी सही मीच खोडते."

कागद यायला दुपार झाली. ताई मापकाच्या जुन्या खोलीत बसून राहिल्या, जेवायलाही उठल्या नाहीत. शेवटी जिन्यात ओळखीची लंगडती पावलं वाजली. साहेबांच्या हातात कागद होता.

"आकडा चढला त्याच मिनिटाला वारा पडला," ते म्हणाले. "आकडा उतरला, तेव्हाच परत सुटला. शेपूटच आहे ते."

बोलले, पण उंबरठ्याबाहेरूनच. खोलीत जपायचं आता काही उरलं नव्हतं.

"या आत," त्या म्हणाल्या. "गुडघ्यासकट या."