माझ्या काळ्या बिअरला आलेला रॅशरचा वास

मी घरी बिअर करायला लागलो ते एका माशामुळे.

इथे परदेशात, क्लोनडॉकिनमध्ये, आमच्या घराजवळच्या पबात बायकोच्या हॉस्पिटलमधला एक नाशिकचा डॉक्टर सहज बोलून गेला, की बिअर निवळायला माशाच्या पोटातली हवेची पिशवी वापरायची जुनी पद्धत आहे, आणि काही जण अजूनही ती वापरतात. तोवर मी अर्धा ग्लास संपवला होता. उरलेल्या अर्ध्याकडे बघताना मला वाटायला लागलं, की आतून कोणीतरी माझ्याकडे न मिटणाऱ्या डोळ्यांनी बघतंय.

आमच्या पुण्याच्या घरी दारू आणि मांसमच्छी या दोन्हींचं वावडं. त्यातलं पहिलं मी कॉलेजात असतानाच निकालात काढलं. दुसरं मात्र अजून जसंच्या तसं आहे, मी अंडंसुद्धा खात नाही. बायको कोल्हापूरची. लग्नाआधीच आमचं ठरलं होतं, की तिने बाहेर काय वाटेल ते खावं, घरच्या ओट्यावर मात्र फक्त भाज्या शिजतील. ती इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आली आणि मी तिच्यामागे डिपेंडंट म्हणून. घरी बसून दोनचार लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. त्यामुळे माशाची भानगड कळल्यावर माझ्याकडे विचार करायला वेळ होता आणि हात रिकामे होते.

शेजारच्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. आता रिटायर झाल्यात आणि बागेतल्या शेडमध्ये बिअर करतात. आमच्याकडे बायका शेडमध्ये काय करतात यावर माझी फारशी कल्पना धावत नसल्यामुळे पहिले सहा महिने मला वाटायचं, की त्या तिथे टोमॅटो लावतात. मी कुंपणापाशी जाऊन माशाची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "मग घरीच कर की, लव्ह. मासा आपोआप बाहेर." लव्ह म्हणजे इथे नुसतं 'बाळा'.

त्यांनी शिकवलं आणि मी शिकलो. दोनतीनदा फिकी सोनेरी बिअर केली, ती बरी झाली. मग दिवस लहान व्हायला लागले तशा त्या म्हणाल्या, "आता काळी कर. ख्रिसमसच्या आधी आमच्या बिअरवाल्यांच्या क्लबची संध्याकाळ असते, सगळ्यात चांगल्या बिअरला बक्षीस, तिथे घेऊन ये. आणि थोडं धुरावलेलं माल्ट घाल. थोडंच हं. दहातला एक भाग."

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. धुरावलेल्या माल्टमध्ये दाणे वाळवताना खाली बीच नावाच्या झाडाचं लाकूड जाळतात आणि धूर दाण्यात मुरवतात. कुरिअरने पोतं आलं. मी दोरा कापला, नाक आत घातलं आणि तसाच उभा राहिलो. गॅसवर भाजलेलं वांगं. शेतात हुरडा भाजताना डोळ्यांत जाणारा धूर. होळीच्या दुसऱ्या दिवशीचा सदरा. इतकं सगळं एका पोत्यात असताना दहातला एक भाग कसला घालायचा? मी निम्मं माल्ट धुरावलेलंच घातलं.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. कागलजवळच्या गावात त्यांचं घर. त्या तीन महिने राहायला आल्या होत्या आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या दुधी, फरसबी, मुगाची डाळ असं सगळं कुरकुर न करता जेवत होत्या. त्यांनी कधी तोंडाने काही म्हटलं नाही, पण जेवताना ताटाकडे बघण्यात एक प्रकारचा सोशिकपणा असायचा.

मी मोठ्या पातेल्यात माल्ट गरम पाण्यात भिजवलं, तसा वास वरच्या मजल्यावर गेला. त्या जिन्यावरून झपझप खाली आल्या.

"जावईबापू, काय पेटलं ओ?"

"काही नाही, आई. बिअर करतोय."

"बिअर व्हय?" त्या थांबल्या. पातेल्याजवळ आल्या, वाफेत तोंड घालून त्यांनी एक लांब श्वास घेतला. "मला वाटलं कुनी चूल पेटवली."

मग खुर्ची ओढून त्या तिथेच बसल्या. दुधी चिरायला घेतला नाही, फोन बघितला नाही, नुसत्या बसून वास घेत राहिल्या. मी मनात म्हटलं, सासूबाईंना माहेरची आठवण आली असणार. तसं काही नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

पाणी गाळून घेतल्यावर मागे ओल्या जवाचा ढीग राहिला. मी तो कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकायला निघालो, तर त्यांनी माझा हातच धरला.

"ह्ये टाकताय? एवढं धान्य?"

"याचं काम झालं, आई. यातला गोडवा निघून गेला."

"गोड कुनाला पायजे?"

त्यांनी तो ढीग ओव्हनमध्ये वाळवला, मिक्सरवर दळला, फोलपटं चाळून काढली आणि बेसन, कांदा, हिरवी मिरची घालून थालीपिठं लावली. चवीला ती झकास झाली होती. चार थालीपिठं ताटलीत घालून आम्ही दोघं कुंपणापाशी गेलो. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि शेजारच्या बाईंना मराठी, पण रोज सकाळी दोघी कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी आपापल्या भाषेत पाऊस आणि गुडघे या विषयांवर बोलायच्या.

बाईंनी एक घास खाल्ला. डोळे मिटले. मग मला विचारलं, "अप्रतिम आहे. रॅशर कुठल्या खाटकाकडून आणलेस?"

रॅशर म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे पातळ काप. इथे ते सकाळी तव्यावर परतून खातात. मी घाईघाईने सांगितलं, की यात मांस नाही, जव आहेत, बेसन आहे. त्यांनी दुसरा घास घेतला, चघळला आणि पहिल्यापेक्षाही खात्रीने म्हणाल्या, "नाही, लव्ह. रॅशरच आहे. तेही धुरावलेलं."

"काय म्हनत्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"छान झालंय म्हणतात."

"मग तुमचं तोंड का पडलं?"

त्या रात्री मला चिंता लागली, पण अजून आशा होती. म्हटलं, बिअर आंबली की वास बदलेल. आंबायला ऊब लागते, म्हणून गाळलेलं पाणी उकळून, निववून, आंबवणारं यीस्ट घालून मी झाकणाच्या बादलीत भरलं आणि बादली हॉट प्रेसमध्ये ठेवली. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याची टाकी असलेलं कपाट. इथे प्रत्येक घरात असतं आणि धुतलेले कपडे त्यात सुकवतात. शेजारच्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, कारण तिथे यीस्टला ऊब मिळत नाही, ताप येतो. दुसऱ्या दिवशी झाकण उडालं होतं. तपकिरी फेस टाकीवरून ओघळून खालच्या फळीवर आला होता, आणि खालच्या फळीवर बायकोचे हॉस्पिटलचे कपडे होते.

फेस लागलेले मी लगेच धुतले. कोरडे राहिलेले तसेच घडी करून ठेवले, आणि त्यातलेच घालून ती पुढच्या दिवशी ड्यूटीला गेली. संध्याकाळी बायको घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "आज तीन पेशंटनी मला विचारलं, डॉक्टर, नाश्त्याला काय खाल्लंत? एका आजोबांनी तर माझा हातच सोडला नाही. म्हणे त्यांना पंधरा दिवस नुसतं सूप चाललंय."

"इतका वास येतोय?"

"अरे, मला स्वतःला दिवसभर भूक लागत होती!"

म्हणजे आता एक शेजारीण, तीन पेशंट आणि बायको, सगळे एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला मी आणि माझं वांग्याचं भरीत. मला प्रश्न पडला, की हे सगळे जे म्हणतायत ते मला कळणार कसं? मी रॅशर कधी खाल्लं नव्हतं आणि खाणारही नव्हतो. पण वास घ्यायला काय हरकत आहे?

म्हणून एका सकाळी मी चालत पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेलो. तिथे एका काउंटरवर ब्रेकफास्ट रोल, म्हणजे लांब पावात रॅशर आणि अंडी भरून देतात. तव्यावर काप चुरचुरत होते. मी काचेला जवळजवळ नाक लावून उभा राहिलो. माझ्यामागे बांधकामावरच्या पिवळ्या जॅकेटवाल्यांची रांग लागली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुला काय देऊ?"

"काही नको. मी फक्त वास घ्यायला आलोय."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "यू आर ग्रँड," म्हणजे असू दे, असं म्हणाली आणि मागच्याची ऑर्डर घेतली. मागचा माणूस मला हळूच म्हणाला, "डॉक्टरने बंद केलंय का रे?" मी हो म्हणून मान हलवली. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

शंकाच उरली नाही. तेच होतं. अगदी तेच. आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या माणसाने बादलीभर डुक्कर तयार केलं होतं, आणि तेही एका माशापासून पळताना. घरी येताना मला हसू यायला लागलं आणि ते कालव्याच्या पुलापर्यंत थांबेना.

बाटल्या भरल्या, त्या मुरल्या, आणि क्लबची संध्याकाळ आली. क्लब म्हणजे एका पबची मागची खोली, लांब टेबलं आणि आपापल्या बाटल्या घेऊन आलेले वीसेक लोक. शेजारच्या बाईंनी माझी ओळख करून दिली. माझी बिअर कोळशासारखी काळी होती, वर खाकी फेस. ग्लास फिरले. सगळ्यांनी पहिला घोट घेतला. मग टोकाला बसलेला एक दाढीवाला गडी म्हणाला, "जीझस, ग्लासात अख्खा नाश्ता आहे!" आणि एकच गलका झाला. कोणी टोस्ट मागितला, कोणी अंडं. एकाने विचारलं, की मांस उकळताना घातलं की नंतर?

मी म्हणालो, "मी शाकाहारी आहे."

दाढीवाला शेजाऱ्याच्या दंडाला धरून ओरडला, "युअर मॅन," म्हणजे हा गडी, "शाकाहारी आहे!" आणि अख्खी खोली पुन्हा हसायला लागली. बक्षीस मला मिळालं नाही. जाताना दाढीवाल्याने मात्र दोन बाटल्या मागून घेतल्या. बायकोला द्यायच्यात म्हणाला, ख्रिसमसचा हॅम शिजवायला. मी दिल्या. खरं सांगायचं तर अभिमानानेच दिल्या.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं, बायकोने आईसाठी ते गावाकडच्या मराठीत पुन्हा सांगितलं. सासूबाई ऐकून घेत होत्या.

"मी पयल्याच दिवशी वळखलं," त्या म्हणाल्या. "चुलीवर मटण चढलं की असाच वास येतो. पर तुमच्या घरात बोलायचं कसं?"

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी ओट्यापाशी बसून..."

"दोन म्हयने दुधी खाल्लाय ओ मी."

बायकोने तोंडावर हात ठेवला. मी उठून एक बाटली उघडली आणि ग्लास पुढे केला. सासूबाईंनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ग्लास त्यांनी घेतला नाही. ड्रॉवरमधून आमटीचा चमचा काढला, त्यात थोडी ओतून घेतली, फुंकर मारली आणि चाखली.

"धूर चांगलाय," त्या म्हणाल्या. "मीठ कमी पडलंय."

दुसऱ्या दिवसापासून मी आमचा करार थोडा सैल केला. सासूबाई असेपर्यंत शनिवारी मी मेनूथ गावात मित्राकडे जायचो आणि ओटा मायलेकींच्या ताब्यात असायचा. परत येईपर्यंत खिडक्या उघडलेल्या असायच्या आणि दोघी एकदम तृप्त, डाराडूर.

त्या परत गेल्यावर वसंतात मी पुन्हा काळी बिअर केली. या वेळी शहाण्यासारखं दहातला एकच भाग धुरावलेलं माल्ट घातलं आणि बादली थंड खोलीत ठेवली. बिअर नीट झाली. शेजारच्या बाई चाखून म्हणाल्या, "ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे भव्यदिव्य नव्हे, ग्रँड म्हणजे बरंय, चालेल. बायकोचा ग्लास मात्र अर्धाच रिकामा झाला.

गेल्या रविवारी काळ्या बिअरची तिसरी खेप लावली. मी धुरावलेलं माल्ट मोजायला भांडं घेतलं, तर बायकोने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पोत्यातून स्वतःच पातेल्यात ओतायला लागली. बराच वेळ ओतत होती. किती झालं ते मी विचारलं नाही, पाणी तापत ठेवलं.