टपावरचं ऊन बाजारापर्यंत

मंडळी, आज दुपारी माझ्या मैत्रिणीचे, स्मिताचे बाबा "दाखव तुझी गाडी" म्हणाले आणि माझं सगळंच बदललं.

कॉलेज अर्धवट सोडून मी शिवाजीनगरच्या गॅरेजात जुनी गाडी बॅटरीवर आणली, टपावर सोलर पॅनेल बसवलं. स्मिताचे बाबा, म्हणजे काका, सरकारी प्रयोगशाळेत इंजिनियर.

"दिवसभराच्या उन्हात किती पळेल?" काकांनी विचारलं.

थाप मारता आली असती. "इथून बाजारापर्यंत, काका. बाकी घरच्या प्लगवर."

"मग हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल लाव की!"

माझं डोकं तापलं. "लावतो! त्याचा हायड्रोजन कुठे भरू, पेट्रोल पंपावर?"

ते खळखळून हसले. "खरं बोलतोस. डिग्रीचं काय?"

"नाही घेतली."

 स्मिताने चपला घातल्या. "बाबा, याच्या गाडीतून बाजारात जाऊन येते."

"जा. येताना ढकलत आणा!"

मागच्या भेटीत मी रागात आपटलेलं त्यांच्या घराचं तेच दार, बाहेर पडताना मी आज ऐटीत, हळूच लावलं.