कृष्णाबाईचा नवरा बसत नाही

कृष्णाबाईला राग येतो असं म्हणणं चूक आहे. राग तिच्याकडे कायमचा राहायला आहे. मधूनमधून ती त्याला बाहेर फिरवून आणते एवढंच. उरण नाक्याच्या मासळी बाजारात कोणी तिच्या कोलंबीला नाक मुरडलं, तर त्या नाकाचं पुढे काय होईल हे ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. पण हे किरकोळ राग. ठोक माल तिने नवऱ्यासाठी राखून ठेवलेला आहे.

नवरा म्हणजे काशिराम. दारू नाही, पत्ते नाहीत, तोंडात शिवी नाही. अशा माणसावर रागवायचं तरी कशावरून, असं पनवेलच्या कोळीवाड्यातल्या बायका विचारतात. त्यांचे नवरे बसतात ना जेवायला, म्हणून विचारतात!

काशिराम ऐन तारुण्यात मालवाहू जहाजावर स्टुअर्ड म्हणून लागला आणि निवृत्त होईपर्यंत अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभा राहिला. हातावर पांढरा नॅपकिन, पाठ ताठ, नजर पाण्याच्या ग्लासांवर. साहेबांचं आटोपलं की भांडारात उभ्याउभ्या चार घास. वर्षातला बराचसा काळ नवरा पाण्यावर, त्यामुळे कृष्णाबाईने एकच गोष्ट मनाशी धरून ठेवली होती: हा माणूस कायमचा घरी आला की त्याच्या शेजारी बसून जेवायचं. दागिना नको, काशीयात्रा नको. शेजारी बसून कालवण-भात.

काशिराम घरी आला आणि त्याने पहिल्यांदा टेबल आणलं. कृष्णाबाई हरखली. मग त्याने तिला खुर्ची ओढून दिली, आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून हेच. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार ताटाकडे. ताट टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या एका पेरावर, आणि ते अंगठा लावून मोजायचं. वाढायचं डाव्या बाजूने, उचलायचं उजव्या. ओल्या बोंबलाच्या कालवणालाही सुरी! बोंबील तर नुसता बघितला तरी विरघळतो, त्याला कापायचं काय?

"अवं, बसा ना."

"तू जेव. मी नंतर."

नंतर म्हणजे ओट्याशी, ताट हातात धरून.

"माज्या मागं असं उबं रायलं का मला वाटतं, मी जेलात हाय आन तुमी शिपाय!"

"पानी देऊ?" काशिराम विचारायचा. आणि कृष्णाबाईच्या ब्रह्मांडाला आग लागायची.

लेकीचं, मोनालीचं, लग्न ठरवायला करंजाहून मंडळी येणार, तेव्हा कृष्णाबाईने आदल्या दिवशीच दम भरला. "उद्या तुमी बसायचं. पोरीचे बाप हाय तुमी, वेटर नाय."

"स्टुअर्ड," काशिराम म्हणाला.

"गप!"

सकाळी तिने बाजारातून थोरला जिताडा मासा आणला. हात धुऊन बाहेर येते तर काशिराम टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर पाणी शिंपडत होता. समुद्र खवळला की जहाजावर टेबलाची चादर अशी ओली करतात. मग ताटं घसरत नाहीत.

"घर डोलतंय काय?" कृष्णाबाई किंचाळली.

"पावनं येनार. सांबाळलेलं बरं."

तिने टेबलावरची ताटं मोजली. धर्मराज व्याही, सुनीता विहीण, त्यांचा मुलगा प्रितम, मोनाली आणि ती. काटे, सुऱ्या, ग्लास, सगळं जिथल्या तिथे. काशिरामचं ताट नव्हतं. तिच्या डोक्यात जे उसळलं त्याच्यावर जिताडा शिजला असता, पण तेवढ्यात दारात पाहुणे.

मंडळी बसली. धर्मराजने ऐसपैस कोपरं टेकली आणि बाह्या भिजवून घेतल्या. "गार वाटतंय," तो बिचारा म्हणाला. काशिरामने मागून येऊन त्याच्या मांडीवर नॅपकिन पसरला तसा तो दचकला. असं पांघरूण त्याला आईनंतर कोणी घातलं नव्हतं. सुनीता काट्याकडे बघत होती ते जिवंत खेकड्याकडे बघावं तसं, कुठून धरला म्हणजे चावणार नाही या हिशेबाने. आणि पोरीचा बाप भिंतीला पाठ लावून, हातावर नॅपकिन टाकून उभा!

कृष्णाबाई उठली. ताट तसंच सोडून नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू बस," काशिराम कुजबुजला.

"तुमी नंतर, तर मी पन नंतर."

घरची बाई उभी असताना घास कसा घ्यायचा? सुनीता उठली. होणारी सासू उठली म्हणून मोनाली उठली. मोनाली उठली म्हणून प्रितम उठला. पोराची सुरुवात चांगली होती. एकटा धर्मराज भातात हात घालून उभ्या पाचजणांकडे बघत राहिला, आणि अखेर तोही नॅपकिन सावरत उठला.

काशिरामचा चेहरा उतरला. जहाजावर टेबलावरचे सगळे असे एकदम उठायचे ते धोक्याची घंटा वाजली तरच. त्याने घाईघाईने टेबल न्याहाळलं. एक चमचा वाकडा दिसला, तो सरळ केला.

"चमचा नाय चुकला!" कृष्णाबाई फुटली. "तुमी चुकलं! समद्या दुनियेच्या सायबांच्या मागं उबं रायलं, माज्या बाजूला कदी बसलं? ही पोरगी जाईल. मंग या घरात दोगंच. मी कुनाबरोबर जेवू? या फडक्याबरोबर?" आणि तिने त्याच्या हातावरचा नॅपकिन ओढून खिडकीतून भिरकावला.

काशिरामने मोकळा झालेला हात कुठे ठेवावा ते न कळून पाठीमागे नेला.

"मला बसून जमत नाय गो," तो म्हणाला. "कोनाचा गलास रिकामा झाला तर?"

"होऊ दे की!" धर्मराज म्हणाला. त्याला कडकडून भूक लागली होती. "आमाला हात नाय काय? बसा व्याही, जिताडा गार होतोय."

कृष्णाबाईने आतली प्लास्टिकची खुर्ची आणून आपल्या खुर्चीला भिडवली, नवऱ्याला खांदे धरून तीत बसवलं, खांदे सोडून शर्टाचं टोक मुठीत घेतलं आणि शेजारी बसली. प्रितमचा ग्लास अर्धा झाला, काशिराम उसळला, शिवण टर्रकन बोलली. मूठ सुटली नाही. डाव्या मुठीत नवरा आणि उजव्या हाताने जेवण, अशा अवस्थेत तिने लग्नाची बोलणी केली, हळद कोणाच्या दारात यावरून धर्मराजशी भांडली आणि जिंकली.

काशिराम खाली मान घालून हाताने जेवत होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"मीठ कमी हाय."

आजवर तो ताट कुठे हवं ते बोलला होता, ताटातल्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. कृष्णाबाईचा घास हातातच राहिला.

"काय म्हनलं?"

"कालवनाला. जरा कमी हाय."

"माज्या कालवनाला? पावन्यांच्या म्होरं? इतकी वरसं गुमान गिळलं, तवा जीब नव्हती?"

"उब्यानं चव कळत नाय," काशिराम म्हणाला.

तिने मिठाची वाटी त्याच्यासमोर अशी आदळली की धर्मराजच्या मिशीवर मीठ उडालं. आणि जेवण संपेपर्यंत ती नवऱ्याला नुसती फाडून खात होती, शर्ट न सोडता.