मुक्कामी होडी

तांडेलकाका दीड तांब्यात आंघोळ करायचे. एक तांब्या साबणाच्या आधी, अर्धा नंतर. गोदावरीच्या काठचं शहर, धरण उशाशी, नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी. पण काका न्हाणीत जाताना बादली बाहेर ठेवून जायचे. कारण विचारलं की समजावून सांगायचे, "होडीत दोनशे लिटरची टाकी बसते. माणसं दोन, दिवस वीस. प्यायचं आणि स्वयंपाकाचं वजा कर, आणि उरलं किती ते मला सांग." तेव्हा होडी नव्हती. टाकीही नव्हती. नाशिकपासून समुद्र जवळ आहे, असा आरोप आजवर कोणी केलेला नाही. आंघोळ मात्र ठरल्याप्रमाणे सुरू झाली होती.

काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये बॉडी फिटर होते. गाडीचा सांगाडा उभा करायचा, पत्रे मारायचे, छत बसवायचं. "माझ्या हातची गाडी पावसात गळली असं सांगणारा एक माणूस दाखव," हे त्यांचं आवडतं वाक्य. तेवढ्या एका बाबतीत कॉलनीत त्यांना कोणी हसत नसे. बाकी सर्व बाबतींत हसत. पाथर्डी फाट्याजवळची आमची कॉलनी सुशिक्षित असल्यामुळे तोंडावर हसायची पद्धत नव्हती. पाठ वळेपर्यंत सगळे थांबायचे. 'तांडेल' हे नाव तिथलंच. कोळी लोक होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, एवढं सामान्यज्ञान आमच्याकडे होतं. काकांना ती चेष्टा कळली नाही, की कळूनही त्यांनी ठेवून घेतली, हे मला सांगता येणार नाही. दारावरच्या पाटीवर मात्र त्यांनी ते नाव कंसात रंगवून घेतलं.

नव्वदच्या सुमाराला त्यांची दोन वर्षं रत्नागिरीला बदली झाली होती. तिथल्या बंदरात त्यांना एक परदेशी होडी दिसली. लोकांना समुद्र पाहून वेड लागतं. काकांना लागलं ते त्या होडीच्या दोरीवर वाळत घातलेले दोन टॉवेल आणि एक बनियन पाहून. आत नवरा-बायको राहत होते. चहा करत होते, कांदा चिरत होते, आणि कंटाळा आला की घरासकट पुढच्या गावाला जात होते. "मुक्कामी होडीच की रे, विजू," काका मला म्हणाले. संध्याकाळी खेड्यात जाऊन उभी राहते आणि ड्रायव्हर-कंडक्टर जिच्यात झोपतात, ती मुक्कामी गाडी. "फरक एवढाच, सकाळी डेपोत परत यायचं नाही. पुढं जायचं."

मी त्यांच्या समोरच्या घरात राहायचो, अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेल जोडायचो, लग्न व्हायचं होतं आणि मला लोकांचं ऐकून घ्यायची सवय होती. त्यामुळे खलाशी म्हणून माझी नेमणूक परस्पर झाली. मी होकार दिला. होकार द्यायला मला कधीच जड गेलेलं नाही. माझी अडचण त्याच्या पुढं सुरू होते.

काकांनी शंभर पानी वहीत वेळापत्रक आखलं होतं. उरणहून सुटायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं कोचीपर्यंत जायचं. रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, दाभोळ. प्रत्येकापुढे आगमन, प्रस्थान, थांबा. मुरुडपुढे लिहिलं होतं, 'मुक्काम दोन दिवस, भाजी भरणे, सौ. एसटीने येतील.' समुद्रात वारा असतो, भरती-ओहोटी असते, याची दखल शेऱ्याच्या रकान्यात घेतली होती : 'उशीर संभवतो.' आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष रोज दूध आणायला जाता-जाता विचारायचे, "काय तांडेल, सुटली का बोट?" काका एसटीच्या चौकशी खिडकीवरचं उत्तर द्यायचे, "लेट आहे. रद्द नाही."

बोट लागू नये म्हणून त्यांनी सराव शोधून काढला. रविवारी पेठची गाडी पकडायची, शेवटच्या सीटवर बसायचं आणि सावळघाट लागला की पेपरातला अग्रलेख वाचायला घ्यायचा. अग्रलेख संपेपर्यंत पोटातलं पोटात राहिलं, तर समुद्र जमला. काका अग्रलेख संपवून वाचकांच्या पत्रांपर्यंत पोचायचे. मी दुसऱ्या परिच्छेदाला खिडकीबाहेर. एकदा शेजारी पायाशी पोतं ठेवून बसलेल्या म्हातारीनं मला लिंबू दिलं आणि म्हणाली, "सवय नाय तर पेपर कशाला वाचतोस रं बाबा?" काका पुढं वाकून म्हणाले, "आजी, याला समुद्रात न्यायचंय." तिनं मला नीट पाहून घेतलं. "याला?" म्हणाली, आणि पिशवीतून दुसरं लिंबू काढलं.

एवढी तयारी करणाऱ्या माणसाला पोहता येत नव्हतं. शिकायचंही नव्हतं. "पोहता येणारा होडी सोडून पळतो. ज्याला येत नाही, तो होडी राखतो," हा त्यांचा सिद्धांत. मला पोहता येत होतं.

काकू हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकायच्या. "जन्म गेला गाड्यांत, आता म्हातारपण होडीत. विजू, यांना काठाकडच्या बाजूला बसवत जा रे," एवढाच त्यांचा विरोध. काकांनी अरुंद जागेत झोपायचा सराव म्हणून पलंग सोडून दोन फुटी फळी धरली, तेव्हा काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी फळीवर गोधडी होती. बरोबर दोन फुटांची, त्यांनीच शिवलेली.

निवृत्तीनंतर काकांनी खरोखरच होडी बांधायला घेतली, हे कॉलनीला अनपेक्षित होतं. अठरा फुटांची, प्लायवूडची, वरून फायबर. आत दोन फळ्या, एक स्टोव्ह, एक खिडकी. इंजिन कळवणच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरचं, जुनं. शीड मंडपवाल्याकडून शिवून घेतलेलं, त्यामुळे त्याला एका बाजूनं झालर होती. नाव 'मुक्काम'. घराशेजारी जागा नव्हती म्हणून ती कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर उभी राहिली. त्याच प्लॉटवर आमच्या गणपतीचा मंडप पडायचा.

आता माझ्याकडे येतो. मी मंडळाचा सेक्रेटरी होतो. वॉर्डात देखाव्यांची स्पर्धा असायची आणि आमच्या वाट्याला दर वर्षी उत्तेजनार्थ नारळ यायचा. त्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "प्लॉटवर बोट फुकट उभी आहे. आरमाराचा देखावा करू." काकांनी होकार दिला, अट एकच घातली. मला होडीजवळ नेऊन तिच्या बुडावर हात ठेवला आणि म्हणाले, "वरून झेंडे लाव, लाइट लाव, तोफा ठेव. पण इथं खाली एक खिळाही नको. तू आहेस म्हणून देतोय." आणि होडी ठेवायला जागा बघायला ते उरणला निघून गेले.

आरमार छान झालं. पण होडी हलेना. पलीकडच्या मंडळाचा राक्षस मान हलवत होता आणि आमचं आरमार ढिम्म. हलवायची तर खालून मोटर जोडायला हवी. मी कंपनीतलं ड्रिल आणलं आणि दुपारी मंडपात कोणी नसताना होडीच्या बुडाला अर्ध्या इंचाची अकरा भोकं पाडली. आठ ब्रॅकेटची, तीन वायरची. दहा दिवस होडी झकास डुलली. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते अध्यक्षांच्या घरी लागलं. विसर्जनानंतर मी मूर्तिकाराकडची उरलेली शाडूची माती भोकांत भरली, वर निळा ऑइलपेंट मारला आणि हातानं चाचपून पाहिलं. काही कळत नव्हतं. ज्या शाडूचं पाण्यात काय होतं हे आम्ही त्याच आठवड्यात नदीवर पाहिलं होतं, तीच मी होडीत भरली. माझ्याकडे डिप्लोमा आहे.

काका परत आल्यावर लोकांनी त्यांना होडी कशी डुलत होती ते सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "डुलवली कशी रे?"

"खाली टायर ठेवले होते, काका."

"बुडाला हात नाही ना लावला?"

"नाही, काका."

दिवाळीनंतर होडी चाचणीसाठी गंगापूर धरणाच्या पाण्यावर नेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होडी, मागून टेम्पोत अर्धी कॉलनी. वाटेत तीन ठिकाणी ट्रॅक्टर थांबला. तिन्ही वेळा मी सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा फक्त दोरखंड तपासून आलो. काकूंनी नारळ फोडला. काका आणि मी चढलो. होडी तरंगली. काकांनी वही काढून वेळ टिपली, 'प्रस्थान १०.४०'. एवढा खूश माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

दहाएक मिनिटांनी पायाशी पाणी आलं. पांढुरकं, गढूळ. काकांनी वाकून त्यात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं. पोरांना मूर्तीची शाडू हाताळताना त्यांनीही वर्षानुवर्षं पाहिलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनाकडे पाहिलं. आंघोळीचा तो तांब्या होडीत होता. काकांनी तो घेतला आणि ते पाणी उपसायला लागले. मी होडी काठाकडे वळवली. काठ पंचवीस-तीस फुटांवर असताना ती धरणाच्या तळाला टेकेपर्यंत खाली गेली. मी उडी मारली आणि पोहत बाहेर आलो. अंगवळणी पडलेलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. वळून पाहिलं, तर काका छातीभर पाण्यात शिडाचा खांब धरून उभे होते, तांब्या हातातच. ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणारा एक जण त्यांच्याकडे गेला आणि ट्यूबला धरून त्यांना घेऊन आला. काठावरून अध्यक्ष म्हणाले, "तांडेल, दीड दिवसाचा होता का?" त्या दिवशी कोणी पाठ वळायची वाट पाहिली नाही.

सगळ्यांनी विचारलं, झालं काय? ओल्या कपड्यांतून पाणी गळत असताना काका म्हणाले, "जोड कच्चा राहिला. माझाच." ज्या माणसाची गाडी कधी गळली नाही, त्यानं हे वीस-पंचवीस लोकांसमोर सांगितलं आणि मी टॉवेलनं डोकं पुसत उभा राहिलो.

होडी परत प्लॉटवर आली. या वेळी काकांनी चारी बाजूंनी ताडपत्री बांधून आत काम केलं. आधी सगळं उघड्यावर चालायचं. येणारा-जाणारा सल्ला देऊन जायचा. मला वाटलं, माणूस शरमला. बिचारे, असंही मी एक-दोघांना म्हणालो. पंधरा दिवसांनी ताडपत्री सुटली. होडी नव्यासारखी होती. पण काकांनी ती हलवली नाही.

तिथून पुढं चार वर्षं होडी तशीच उभी राहिली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. दर रविवारी मी समोर चहाला जायचो. काका घाटाचा विषय काढत नसत, वही दाखवत नसत. चहा संपला तरी मिनिटभर माझ्याकडे बघत बसायचे, मग म्हणायचे, "बरं." मी म्हणायचो, "येतो, काका." बाहेर लोक विचारायचे, आता कशाची वाट बघताय, तांडेल? ते म्हणायचे, "लेट आहे. रद्द नाही." आम्ही हसायचो. मीही.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. सिन्नर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं बागेत पोरांना खेळायला म्हणून होडी नेली. दोन वर्षांनी काका गेले. शेवटपर्यंत आंघोळ दीड तांब्यात; घालणाऱ्या काकूंना डाव्या हातानं खूण करून थांबवायचे.

तेराव्यानंतर काकू एकट्या असताना मी गेलो आणि सांगून टाकलं. ड्रिल, मोटर, शाडू, टायरची थाप. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अकरा ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्याच दिवशी मला सांगितलं त्यांनी. ताडपत्री कशाला बांधली असेल, वाटलं तुला? कॉलनीला भोकं दिसली असती, तर तुझं नाव निघालं असतं."

"मग ते गेले का नाहीत, काकू? होडी तर झाली होती."

"एकट्यानं कसं जायचं? खलाशी तूच. मी म्हटलं, दुसरा कोणी बघा. म्हणाले, दुसरा नको. त्यानं एकदा तोंडानं सांगितलं, की दुसऱ्या दिवशी निघू. सांगितल्याशिवाय त्याला घेऊन समुद्रात जाता येत नाही." त्यांनी काड्या बाजूला सारल्या. "मी विचारायचे, काय हो, बोलला का विजू आज? तर म्हणायचे, लेट आहे. रद्द नाही."

मागच्या महिन्यात मी सिन्नर रस्त्यावरच्या त्या हॉटेलात गेलो. होडी अजून आहे, रंग बदललाय. पोरं वर चढली होती. मी गवतात आडवा होऊन बुडाखाली हात घातला आणि एकेक ठिगळ मोजलं. अकराच्या अकरा फायबरची, कडा घासून सपाट केलेली. पाऊस नुकताच होऊन गेला होता. आत डोकावून पाहिलं, तर तळाला दीडएक तांब्या पाणी साचलेलं होतं. खाली गवत कोरडं होतं.