हरेश्वरचा कर्नल

हरेश्वर गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी कचेरीत एका छपाईयंत्राच्या माहितीपुस्तकातले जास्तीचे 'कृपया' खोडत बसलो होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग, हेही सांगायला हवं म्हणून, "चहा घेतला होता." वय चव्वेचाळीस, हृदयविकार, ठाण्याच्या कोळीवाड्यातलं राहतं घर... आठवड्याने शोकसभा झाली. तिथे आमच्या जुन्या कंपनीचे संचालक बराच वेळ बोलले आणि त्यांनी हरेश्वरला 'देशी नेटवर्किंगचा जनक' करून टाकलं. माणूस नको म्हणायला हजर नसला की पदव्या फार सढळ हाताने वाटल्या जातात. हरेश्वर कशाचाही जनक नव्हता. दुसऱ्याने जन्माला घातलेल्या पोराचं नाक तो पंधरा वर्षं पुसत होता, आणि हे काम जनक होण्यापेक्षा अवघड आहे असं त्याचं मत होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दोघं वागळे इस्टेटमधल्या एका कॉम्प्युटर कंपनीत एकाच आठवड्यात लागलो. खोकं आणि त्यावरचं नाव आपलं, आतलं बरंचसं बाहेरचं, अशी ती कंपनी. मी डोंबिवलीहून येणारा, मॅन्युअलं लिहिणारा. पहिल्याच दिवशी त्याच्या वाक्यातलं क्रियापद दुरुस्त केलं म्हणून तो मला कायमचा 'मास्तर' म्हणू लागला. त्याच्याकडे कर्नल होता. यंत्र चालवणाऱ्या प्रणालीचा अगदी आतला गाभा म्हणजे कर्नल. तो पडला की सगळंच पडतं. त्या गाभ्यातही एका यंत्राने दुसऱ्याशी बोलायचं कसं, हा भाग हरेश्वरचा. कोड परदेशातून आलेला, हजारो ओळींचा. तो आमच्या यंत्रावर चालता ठेवायचा आणि बिघडला की दुरुस्त करायचा. त्यावर बढाई मारता येण्यासारखं काही नव्हतं. ते काम नीट झालं तर झालंय हे कोणाला कळतच नाही.

त्याच्या आईला मात्र कळलं होतं. मुलगा शेजारच्या फोनवरून "कर्नल पडलाय, निघतो" असं म्हणून जेवणावरून उठतो, हे तिने पाहिलं होतं. तिने साऱ्या कोळीवाड्यात सांगितलं की आमचा हरेश मिल्ट्रीतल्या कर्नलकडे कामाला हाय. कर्नल म्हातारा असावा, कारण सारखा पडतो. "तुजा कर्नल जेवला का नाय?" असं ती विचारायची. हरेश्वरने एकदा नारळ फोडून समजावलं, "आये, कर्नल म्हणजे हे खोबरं. आतला गर." म्हातारी म्हणाली, "मंग खोबऱ्यासाठी जेवन टाकून पलतंस कशाला?" त्याने नाद सोडला.

नव्वदच्या सुमाराला कल्याणच्या बाजारपेठेतल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे आमचं यंत्र बसलं. ठाण्याच्या गोदामाशी ते टेलिफोनच्या तारेवरून बोलायचं आणि आठ-नऊ दिवसांनी गप्प व्हायचं. तिथल्या कारकुनाने यावर स्वतःच इलाज काढला होता. दर सोमवारी सकाळी यंत्र बंद करायचं, दहा मिनिटांनी चालू करायचं. "सोमवारी याचा उपास असतो साहेब," तो आम्हाला म्हणाला. आम्ही सगळे टेलिफोन खात्याला दोष देऊन मोकळे झालो होतो. ते सोयीचं होतं आणि बहुतेक वेळा खरंही असायचं. हरेश्वर मात्र चार दिवस त्या दुकानात खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर बसून राहिला. पाचव्या दिवशी कंपनीत आला तो सरळ माझ्या टेबलाशी.

"मास्तर, लग्नाच्या पंगतीत स्टीलची ताटं असतात ना? पाहुणा जेवून उठला की ताट उचलायचं, धुवायचं, परत मांडायचं. पण पाहुणा अर्धवट जेवून निघून गेला तर? माझ्याकडे त्याचं ताट उचलायला कोणी नाही. अशी एकेक ताटं अडकत जातात. नवव्या दिवशी ताटच, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतली जागाच, शिल्लक नाही. यंत्र बंद करून चालू केलं की सगळी ताटं परत मांडली जातात, म्हणून तो सोमवारचा उपास लागू पडतो."

"मग हे लिहिलंय कोणी?"

"मीच. दोन वर्षांपूर्वी, कोड आपल्या यंत्रावर आणताना." तो हसला नाही. "इथे टेबलापासून टेबलापर्यंतची तार कधी तुटत नाही, म्हणून चाचणीत दिसलं नाही. कल्याणला बोलता बोलता लाइन जाते... तोच अर्धवट उठलेला पाहुणा."

दुरुस्ती फक्त एका ओळीची होती. अडचण अशी की त्याच पंधरवड्यात एक मोठा ग्राहक दारात उभा होता. त्याच्या साक्षीने हरेश्वरचा सत्कार ठरलेला, आणि सत्कारानंतर विभागप्रमुखाची खुर्ची. संचालक म्हणाले, सही होईपर्यंत चूक हा शब्द नको. सोमवारचं मॅन्युअलात घाला. ते मी घातलं. 'देखभाल' या प्रकरणात, पान एकेचाळीसवर: 'यंत्रास दर सोमवारी दहा मिनिटे विश्रांती द्यावी.' वाक्य चांगलं झालं होतं, याची मला अजून लाज वाटते. हरेश्वरने ते दोनदा वाचलं. "वा मास्तर," तो म्हणाला, "माझी चूक तू व्याकरणशुद्ध केलीस." त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

सत्काराच्या दिवशी हॉलमध्ये झेंडूच्या माळा, समई, आणि समई पेटू नये म्हणून जोरात फिरणारे पंखे. पहिल्या रांगेत त्याची आई, नऊवारीत, मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेला पुडा. संचालकांनी भाषणात अपेक्षित विनोद केला: कोळ्याच्या पोराने अखेर जाळं विणलंच, फक्त कॉम्प्युटरचं. टाळ्या. हरेश्वरने शाल घेतली, नारळ घेतला आणि माइकपाशी गेला.

"माझ्या बापाने जाळं कधी विणलं नाही," तो म्हणाला. "बाजारातून आणायचा. फाटलं की शिवायचा. मीपण तेवढंच करतो. या जाळ्याला एक भोक आहे, ते माझ्या हातून पडलंय. सोमवारी मशीन बंद करावं लागतं ते त्याच्यामुळे. टेलिफोनवाल्यांची चूक नाही. मॅन्युअलमध्ये विश्रांती म्हणून लिहिलंय ते खोटं आहे. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांच्याकडे मी स्वतः येऊन दुरुस्तीची टेप लावून जाईन."

समोर बसलेल्या मोठ्या ग्राहकाने घड्याळ पाहिलं. टाळ्या कोणी वाजवायच्या ते ठरेना. तेवढ्यात म्हातारी उठली, दाराशी गेली आणि तिथे उभ्या असलेल्या आमच्या वॉचमनच्या हातात तिने पुडा ठेवला. पितळी बिल्ले आणि भरघोस मिशा असलेला सभागृहात तो एकटाच होता. "कर्नलसाहेब," ती म्हणाली, "सुके बोंबील हायत. पोराला सांभालून घ्या, खोटं बोलाला येत नाय त्याला." वॉचमनने सलाम ठोकला. त्या संध्याकाळी हरेश्वरच्या बाजूने एवढीच काय ती अधिकृत कारवाई झाली.

ग्राहक गेला, खुर्चीही गेली. नोकरी राहिली, कारण तो कोड वाचू शकणारा दुसरा माणूस कंपनीत नव्हता. दीड महिना तो टेप घेऊन ठाणे, कल्याण, आंबिवली फिरला. पहिले तीन ग्राहक झाल्यावर मी न विचारता बरोबर जाऊ लागलो; प्रत्येकाकडच्या मॅन्युअलातलं पान एकेचाळीस काढायचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी वडापाव खाताना तो म्हणाला, "मास्तर, चटणी दे," आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पुढे कंपनी बुडाली. तोवर जगभरातले लोक मिळून एक फुकट कर्नल लिहू लागले होते. हरेश्वरने घरी माळ्याखालच्या खोलीत एक यंत्र मांडलं, त्याला ट्रकची बॅटरी जोडली आणि त्या कर्नलच्या जाळ्यातली भोकं शिवून तो टपालाने, म्हणजे तारेवरच्या टपालाने, पाठवू लागला. बहुतेक भोकं तीच, लाइन मध्येच जाणाऱ्या गावांची. ज्यांच्याकडे लाइन जात नाही त्यांना ती दिसत नव्हती. "आये, कर्नल आता आपल्याच घरी राहतो," त्याने आईला यंत्र दाखवलं. म्हातारीने बराच वेळ निरखलं. "मंग तवा बोंबील कोनी खाल्लं?" तिने विचारलं.

परवा मी त्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे मशीन बंद कसं करायचं ते यांनी कधी सांगितलंच नाही." मी खोलीत गेलो. किती दिवस अखंड चालू आहे ते यंत्राला विचारायची एक आज्ञा असते, ती टाकली. दोनशे अकरा दिवस. मधे तीस सोमवार येऊन गेले होते. शेवटचे तेवीस दिवस ते हरेश्वरशिवाय चाललं होतं. मी कळफलक होता तसा सरकवून ठेवला.

बाहेर ओट्यावर म्हातारी बसली होती. तिने मान वर केली.

"मास्तर, कर्नल कसा हाय?"

"उभा आहे, आये," मी म्हणालो.